वर्गणीचा दवाखाना

अंगात ताप नाही, खोकला नाही, कुठं काही दुखत नाही, अशा दिवशी तुम्ही डॉक्टरच्या हातात पैसे ठेवाल का?

हसू येत असेल तर हसा. आमच्या वस्तीतले लोकही हसले होते. "म्हंजी मरायच्या आधीच सरपण आणून ठेवायचं म्हणा की!" असं एका म्हाताऱ्यानं भर बैठकीत म्हटलं आणि बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर बसलेली सगळी मंडळी खिदळायला लागली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्या हशापुढं उभेच राहिले. हातातला पत्रकांचा गठ्ठा त्यांनी खाली ठेवला नाही. "हसून घ्या," म्हणाले. "मला घाई नाय."

त्या पत्रकांवर मी वाढले. अण्णा कंपनीत कामगार होते आणि कामावरून आले की पत्रकं लिहायचे. पाण्यासाठी, रेशनसाठी, कामावरून काढलेल्या कुणासाठी. शहरात गुलमंडीमागच्या एका छापखान्यात ती गुलाबी नाहीतर पिवळ्या स्वस्त कागदावर छापली जायची. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. शाळेत 'आमची सहल' या निबंधाच्या शेवटी मी मागण्या लिहिल्या होत्या, त्यातली पहिली खिडकीजवळच्या जागांच्या समान वाटपाची. बाईंनी लाल शाईनं 'हे निबंधात येत नाही' असा शेरा मारला. अण्णांनी मात्र ती वही गल्लीभर दाखवत फिरवली.

त्या दिवशीच्या पत्रकात मागणी नव्हती, हे नवीन होतं. त्यात एक बेत होता.

अण्णा कायम कामगार होते तेव्हा आमच्या घरात कंपनीचं आरोग्य कार्ड होतं. त्याच्यावर आमचा सगळा इलाज व्हायचा. पुढं कंपनीनं माणसं ठेकेदाराकडं ढकलली. अण्णांच्या हातात तेच मशीन, तेच काम राहिलं, कार्ड गेलं. वस्तीतल्या बहुतेक घरांत असंच झालं. शहराबाहेर शेंद्र्याला नव्या कारखान्यांत जी पोरं लागली, त्यांना तर कार्ड कसं असतं तेच ठाऊक नव्हतं. फरक काय पडला ते माझ्या आईनं एका वाक्यात सांगितलं होतं. "कार्ड होतं तवा ताप आला की जायचो. आता ताप उतरतो का ते बघतो."

हे बघत बसणं फार वाईट. आमच्या गल्लीतल्या एका माणसानं छातीतली कळ पित्त म्हणून बघितली. एका बाईनं बाळाचा जुलाब दात येताहेत म्हणून बघितला. दोन्ही घरांत पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. ती घरं अजून तिथंच आहेत आणि ती माणसं हे वाचतील.

वस्तीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोरच्या गाळ्यात एक डॉक्टरीणबाई बसायच्या. मूळच्या लासूर स्टेशनच्या, अडत व्यापाऱ्याच्या घरातल्या. बोलणंही धान्याच्या मोंढ्यातलं, रोखठोक. त्या गाळा सोडून चालल्या आहेत असं कळलं तेव्हा अण्णा चार-दोन कामगारांना घेऊन त्यांच्याकडं गेले. मी शाळेतून तशीच मागं मागं गेले होते. अण्णांनी विचारलं, "मॅडम, पेशंट कमी पडायलेत का?"

"पेशंट भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही माणूस आणता कधी? पार वाट लागल्यावर. मग मी चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवते. एवढंच करायचं असेल तर मी पोस्टात नोकरी धरली असती."

त्यावर बराच वेळ बोलणं झालं आणि त्यातून बेत निघाला. दर घरानं दिवाळीच्या बोनसवर, म्हणजे हातात चार पैसे असतात तेव्हा, वर्षाची वर्गणी आधी भरायची. मग वर्षभर घरातल्या कुणालाही तपासायचं, साध्या गोळ्या, मलमपट्टी, साखर आणि बीपीची तपासणी, सगळं त्यातच. दर खेपेला खिशात हात घालायचा नाही. ऑपरेशन, भरती करणं हे या वर्गणीत बसत नव्हतं आणि तसं पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. डॉक्टरीणबाईंची अट एकच. "माझे पैसे आधीच आले, म्हणजे आता तुम्ही आजारी पडलात तर काम माझं वाढणार. म्हणून मी तुमच्या मागं लागणार. बोलावलं की यायचं. 'मला काय झालंय?' असं मला विचारायचं नाही."

आजवर डॉक्टरचं दुकान आमच्या दुखण्यावर चालत होतं. ते आमच्या बरं असण्यावर चालवायचं, एवढी साधी उलटापालट होती. शहरातल्या शिकल्यासवरल्यांना ती चमत्कारिक वाटली. वस्तीला मात्र ती लवकर कळली, कारण सगळ्यांनी थोडं थोडं आधी काढायचं आणि मग एकत्र खर्चायचं, हे आम्ही दर वर्षी जयंतीला करतोच. अण्णांनी पत्रकाचा मथळा केला, 'आपली वर्गणी, आपला दवाखाना.' वर्गणी गोळा करायचं काम बायकांनी उचललं आणि त्यांच्या पुढं माझी आई.

आई विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. दिवसभर उभ्यानं काम. तिथून आली की चहाही न घेता पिशवी घेऊन दारोदार जायची. "अगं, मागच्या साली तुझ्या सासूची साखर सापडली का नाय? मग काढ की," असं भांडून भांडून वर्गणी आणायची. तिला नाही म्हणणं कठीण होतं. सरपणाचा विनोद करणाऱ्या म्हाताऱ्यानंसुद्धा दुसऱ्या वर्षी वर्गणी दिली, वर म्हणाला, "ही बाई यमाकडनं बी पावती फाडून आणंल."

दवाखाना चालला. बायका पोरांना ताप आल्याच्या दिवशीच आणू लागल्या. डॉक्टरीणबाई खरंच मागं लागायच्या. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाईला गाळ्यातून हाक मारायच्या, "ए, बीपीची गोळी संपली असंल तुझी, इकडं ये आधी!" गिरणीवाला वैतागायचा. त्याचं गिऱ्हाईक पीठ तिथंच ठेवून समोर जायचं. दर आठवड्याला एका सकाळी साखर तपासायचा वार ठरला. ती रांग गिरणीपर्यंत यायची आणि रांगेत अर्ध्या वस्तीच्या सोयरिकी जमायच्या.

सगळं चांगलंच झालं असं नाही. ज्यांच्या घरी वर्षभर कुणी आजारी पडलं नाही त्यांतले काही म्हणायचे, आमचे वाया गेले. एका वर्षी निम्मी घरं गळाली, एका वर्षी परत आली. आणि मला एक गोष्ट इथंच सांगून टाकायची आहे. आमच्या दवाखान्याचं कौतुक करून कुणी म्हणणार असेल, की बघा, गरीब लोक आपलं आपण करू शकतात, मग सरकारनं कशाला करायचं, तर त्यानं हे पान इथंच मिटावं. आमच्याकडून काढून घेतलेल्या कार्डाच्या जागी आम्ही आपल्या हातानं ठिगळ लावलं. ठिगळाचं कौतुक करणाऱ्यानं आधी कापड फाडलं कुणी ते विचारावं.

आता आईकडं येते, कारण हे सगळं लिहायचं कारण ती आहे.

आमच्या वस्तीत एक रिवाज आहे. जयंतीची पंगत बसते तेव्हा ज्यांनी वर्गणी गोळा केली ते आणि त्यांच्या घरचे सगळ्यांत शेवटी जेवतात. भाजी संपली तर संपली. हा रिवाज कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडायची हिंमत कुणात नाही. 'वर्गणी खाल्ली' यापेक्षा मोठी शिवी आमच्याकडं नाही. आईबहिणीवरून बोललेलं माणूस विसरतो. वर्गणी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी तो नातवंडांपर्यंत पोचतो. अण्णांना या शेवटी जेवण्याचा फार अभिमान होता. मलाही होता. लहानपणी रिकाम्या पातेल्यातला रस्सा पोळीनं पुसून खाताना मला आम्ही कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं.

आईनं हाच रिवाज दवाखान्याला लावला.

कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. कुणाला ते कळलंही नाही. तिची साखर पहिल्याच वर्षी सापडली होती, गोळ्या चालू होत्या. पण गोळ्या आणायला ती रांग संपल्यावर जायची, आणि रांग लांब असली की जायचीच नाही. इतरांना हाताला धरून गाळ्यात बसवायची आणि स्वतः बाहेर चपला सांभाळत उभी राहायची. डॉक्टरीणबाईंनी हाक मारली की म्हणायची, "मी काय, घरचीच हाय. यांचं होऊ द्या." वर्गणी गोळा करणारीनंच तपासणीच्या बाकावर जाऊन बसायचं, हे तिला पंगतीत पहिलं ताट ओढण्यासारखं वाटत होतं.

मग एका उन्हाळ्यात तिनं मोजे घालायला सुरुवात केली.

आमच्याकडचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला हे किती विचित्र ते सांगायला नको. पत्रे असे तापतात की दुपारी घरात बसवत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मेसमधली फरशी गरम लागती." मला पटलं. मी तेव्हा कॉलेजात होते, एका संघटनेसाठी पत्रकं लिहीत होते आणि जगातल्या बहुतेक अन्यायांची मला माहिती होती.

पटलं नाही ते खालाला. खाला म्हणजे आमच्या पाठीमागच्या गल्लीतली शिलाईकाम करणारी बाई. मशीनवर बसून ती सगळ्या गल्लीची खबर ठेवायची. आई तिच्याकडं सुती चिंध्या मागायला गेली होती. एकदा गेली, परत गेली. तिसऱ्यांदा मागितल्या तेव्हा खालानं मशीन थांबवलं. "भाभी, फरशी पुसायला इतक्या चिंध्या? और मऊच होना? पाय दिखाव."

आईनं दाखवला नाही. खालानं सरळ खाली बसून मोजा ओढला. तशीच ती आईला हाताला धरून आमच्या दारात आली. मी आणि अण्णा घरात होतो.

"भाईजान," ती अण्णांना म्हणाली, "सारी वस्ती का दवाखाना खोले, घरवाली का पाय देखे नहीं?"

आईच्या तळव्याला, करंगळीच्या खाली, जखम होती. चपलेतून बारीक खिळा घुसला होता. कधी ते तिलाच ठाऊक नव्हतं, कारण साखरेनं पाय बधिर झाले होते. हळद भरून, चिंधी बांधून, वर मोजा चढवून ती रोज पोळ्या लाटत होती. करंगळी काळवंडायला लागली होती.

मी बोलायला लागले. हक्क, आरोग्य, स्त्री, श्रम, सगळं एका दमात. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यापुढं पत्रक वाचू नको. दुखायलं नाय मला. उद्या रांगेचा दिवस हाय, रांग झाली की दावते."

"रांग झाली की नाय," मी म्हटलं. "आधी."

"आधी बसू? मी? लोकं काय म्हंतील? घरोघर फिरून गोळा केलं आन् पहिल्यांदा हिनंच खाल्लं?"

अण्णांनी माझी बाजू घेतली नाही. मला त्यांचा राग आला. नंतर मला कळलं, की आई जे बोलत होती ते त्यांनीच तिला आयुष्यभर शिकवलं होतं आणि त्याच्याविरुद्ध बोलायला त्यांच्याकडं शब्द नव्हते. त्यांनी फक्त तिच्या पायाशी उकिडवं बसून जखमेकडं बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं.

खाला मात्र कुणाची वाट बघत बसली नाही. संध्याकाळभर ती घरोघर गेली. काय बोलली ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

रांग नेहमीसारखी गिरणीपर्यंत लागलेली. आई नेहमीसारखी दारात, चपला सरळ करत. डॉक्टरीणबाईंनी आतून हाक मारली, "चला, पहिली कोण?" कुणी हललं नाही. परत हाक. सगळ्यात पुढं खाला उभी होती. ती ओढणी डोक्यावर सारखी करत म्हणाली, "पहला नंबर भाभी का."

आई म्हणाली, "अगं मी हाय इथंच. तू जा."

"मैं नहीं जाती."

मागची म्हणाली, "मी बी नाय जात." तिच्या मागची म्हणाली, "मला कामावर जायाचंय, साहेबीण बोलंल, पण मी बी नाय जात. वहिनी, तुमच्यापायी बोलणी खाते बगा आज." रांगेतून हसू आलं. कुणीतरी घोषणा दिली, "रांग बंद!" आणि दोघी-तिघींनी "बंद! बंद!" म्हणून साथ दिली. आमच्या वस्तीला बंद करता येतो. ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "हे काय, माझ्याविरुद्ध संप?"

"तुमच्याविरुद्ध नाय मॅडम," खाला म्हणाली. "हमारे लीडर के खिलाफ."

आईचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात ज्याची तिला भीती होती ते झालंच. गिरणीच्या ओट्यावरून तोच सरपणवाला म्हातारा म्हणाला, "घ्या! आता वर्गणी घरातल्या घरात!"

अण्णा रांगेच्या कडेला उभे होते. त्यांचा जबडा आवळलेला मी बघितला. खालानं मात्र मानही वळवली नाही. "चचा," ती म्हणाली, "तुमारे घुटने में किसकी वर्गणी गई? मी विचारलं का कधी?" म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर वर्षभर त्याच गाळ्यात इलाज चालू होता. आधी एक बाई फिसकन हसली, मग रांगभर हसू पसरलं. म्हातारा म्हणाला, "मी आपलं गमतीनं बोललो," आणि ओट्यावरून उतरून हळूहळू घराकडं निघाला. दोन पावलांवर थांबून वळला. "जा की गं बाई आत," आईला म्हणाला. "किती येळ सगळ्यांना उनात ठिवती?"

त्या वाक्यानं काम केलं असं मला वाटतं. स्वतःसाठी आई आत गेली नसती. पण तिच्या न जाण्यानं आता रांग उन्हात उभी होती, कुणाची हजेरी बुडत होती. अण्णा पुढं आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तिच्या हातातली कुणाचीतरी चप्पल काढून खाली ठेवली. म्हणाले, "चल. मी बी येतो." ते याआधी तिच्याबरोबर कधीच गाळ्यात गेले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी मोजा कात्रीनं कापला. जखम बघून त्यांनी करंगळी दाबून बघितली, दिवा जवळ ओढून परत बघितली, आणि मी घाबरले. मग त्या आईवर खूप ओरडल्या. ओरडता ओरडता जखम धूत होत्या, पट्टी बांधत होत्या. त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात आईला भरती करून घेतलं. डॉक्टरीणबाई स्वतः बरोबर आल्या. आईची करंगळी काढावी लागली. पाय वाचला. तिथल्या सर्जननं सांगितलं, आणखी थोडं थांबला असता तर पायाचं सांगता आलं नसतं. आम्ही किती थांबलो होतो हे त्यांना माहीत नव्हतं. ज्या वर्गणीतून हे ऑपरेशन होणार नव्हतं, तिच्यातूनच ते वेळेवर झालं, असं मी म्हणते. रांगेचा दिवस नसता, ओळखीची डॉक्टर नसती, तर आम्ही अजून बघतच बसलो असतो.

आई घरी आली तेव्हा बायका भेटायला आल्या. कुणी अंडी आणली, कुणी भाकरी. खालानं जुन्या मऊ साडीची चौघडी शिवून आणली, पायाखाली घ्यायला. आई तिला म्हणाली, "तू लई वंगाळ बाई हायस. सगळ्यांपुढं लाज काढली माझी."

"हौ," खाला म्हणाली. "और एक बार निकालूँगी."

पुढच्या दिवाळीच्या बैठकीत अण्णा उठले. पत्रक काढलेलं नव्हतं, तोंडीच बोलले. जो वर्गणी गोळा करील त्यानं आधी तपासून घ्यायचं आणि मगच पिशवी हातात घ्यायची, असा नियम त्यांनी मांडला. "पंगतीत आम्ही शेवटीच बसू," म्हणाले. "पण दुखणं म्हंजी पंगत नाय. ही चूक माझ्या घरात झाली, तुमच्यात होऊ देऊ नका." कुणी हसलं नाही. तो नियम मंजूर झाला आणि अजून पाळला जातो. शेंद्र्याच्या ठेक्यावरच्या पोरांनी आमचं बघून आपल्या भागात असाच दवाखाना काढला. पिशोरची माझी मावसबहीण गावात प्रयत्न करतेय. तिथं डॉक्टर टिकत नाही, तर ती आरोग्यखात्याच्या आशाताईंना धरून निदान तपासणीचा वार तरी लावायला बघतेय. दोन्हीकडं आम्ही पहिली गोष्ट हीच सांगितली, की गोळा करणाऱ्याला आधी बाकावर बसवा.

आईला हे अजून जड जातं. ती बसते, पण पदर ओढून, बाकाच्या अगदी कडेला, कुणी आलं की उठता येईल अशी. परवा मी तिच्या शेजारी बसले होते. दारात एक नवी सून बाळ घेऊन उभी होती. आई सवयीनं उठायला लागली. त्या पोरीनंच तिला दटावलं, "बसा ओ आत्या, तुमचं होऊ द्या आधी." आई बसली. डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला, बोटांच्या मधून बघितलं, टाचेवर दाबलं. "इथं कळतंय?" आई थोडा विचार करून म्हणाली, "व्हय, जरासं." आम्हाला त्या 'जरासं'चा किती आनंद झाला ते कसं लिहू!

म्हणून तुमच्याकडं माझं एक मागणं आहे, आणि हे पत्रकातलं मागणं नाही. तुमच्या गल्लीत, संघटनेत, बचत गटात, मंडळात एक बाई असेलच, जी सगळ्यांना दवाखान्यात नेते आणि स्वतः दारात उभी राहते. या आठवड्यात तिच्या घरी जा. ती म्हणेल, मला काही झालं नाही. वाद घालू नका. तिची पिशवी तुम्ही घ्या, तिला सोबत घेऊन निघा, आणि तिचं नाव पहिलं पुकारलं जाईपर्यंत तिच्याजवळून हलू नका.